ओमाइराच्या नावाचं पाकीट

काबिमास,
१४ मार्च २०१८

प्रिय एंद्रिना,

तुझ्या आईला मूठमाती देऊन दोन दिवस झाले होते. त्या रविवारी शेजारच्या मारित्सानं तिचा फोन माझ्या कानाला लावला आणि पलीकडून तू रडत रडत म्हणालीस, "आशीर्वाद, बाबा." उत्तर काही अवघड नव्हतं. "देव तुझं भलं करो" एवढंच म्हणायचं असतं, आणि आपल्याकडे ते माणूस झोपेतसुद्धा म्हणतो. मी तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो. मारित्सा मला हातानं खुणा करत होती, बोला, बोला म्हणून. मग लाइन गेली. संध्याकाळी तिनं तुझा निरोप वाचून दाखवला: "आतासुद्धा नाही?" वाचताना तिनंच मान खाली घातली. पोरी, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी हे पत्र लिहितो आहे. पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते उत्तर द्यायचा मला हक्क नाही. तेव्हा धीरानं वाच. तुझा बाप मुद्द्यावर यायला वेळ लावतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

इकडची हकिगत अशी, की नऊ दिवसांची प्रार्थना नीट पार पडली. लोक आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आले, कारण आपल्या चारातल्या दोन खुर्च्या मी गेल्या वर्षी पिठाच्या बदल्यात देऊन टाकल्या. कॉफी कुणाकडेच नव्हती. मारित्सानं मोठ्या पातेल्यात गवती चहा उकळला आणि सगळ्यांनी तो कॉफीच्या पेल्यांतून कॉफीसारखाच गंभीर तोंडं करून प्यायला. आईच्या सान बेनितोच्या मूर्तीपुढचा रमचा पेला रिकामा होता, म्हणून मी त्यालाही गवती चहाच ठेवला. आई असती तर म्हणाली असती, "नेरिओ, माझ्या संताची चेष्टा करतोस होय? पुढच्या जानेवारीत ढोल वाजायला लागले की त्याच्यापुढं काय तोंड घेऊन नाचशील?" तिची शिवणाची टोपली मी अजून हलवलेली नाही. माझ्या चष्म्यासाठी तिनं विणलेली निळी दोरी त्यातल्याच लोकरीची. चष्मा जागोजागी विसरतो म्हणून तिनंच ती माझ्या गळ्यात अडकवली होती, गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तशी. आत्ता लिहितानाही ती गळ्यात आहे.

आशीर्वादाचं सांगतो. आपल्याकडे पोरं घरात शिरताना मागतात, बाहेर पडताना मागतात, फोन उचलताना मागतात, आणि बापाशी कडाक्याचं भांडण चालू असलं तरी मागून झाल्यावरच पुढचं वाक्य बोलतात. मी एकोणिसाव्या वर्षी तुझ्या आजोबांशी भांडून घर सोडलं, तेव्हा उंबऱ्यावर वळलो आणि म्हणालो, "आशीर्वाद, बाबा." म्हातारा रागानं थरथरत होता. म्हणाला, "गाढवा, देव तुझं भलं करो," आणि दार आपटलं. पण दिला. शिवी दिली तरी आशीर्वाद अडवून ठेवला नाही. तो माणूस दारू प्यायचा, आम्हाला मारायचा, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि त्याच्यापेक्षा मी स्वतःला फार शहाणा समजत आलो. ऑगस्टमधल्या त्या सकाळी बस अड्ड्यावर तू पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोर उभी राहिलीस. आईनं फडक्यात बांधलेल्या मक्याच्या आरेपा तुझ्या हातात होत्या, त्या अजून गरम होत्या. तू म्हणालीस, "आशीर्वाद, बाबा." मी बसच्या टायरकडे बघत राहिलो. तू पुन्हा म्हणालीस, जरा हळू. मी म्हणालो, "देश सोडून जाणाऱ्यांना माझ्या आशीर्वादाची काय गरज?" ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आई तुला मिठी मारून काहीबाही पुटपुटत होती, आणि तुझे डोळे तिच्या खांद्यावरून माझ्याकडे होते. ते डोळे मी रोज बघतो, एंद्रिना. मला त्याची शिक्षा कुणी द्यायला नको.

त्यानंतर दर रविवारी तू लिमाहून फोन करायचीस आणि बोलणं संपताना आई म्हणायची, "बाबा म्हणतात, देव तुझं भलं करो." मी तिथंच झोपाळ्यात पडलेला असायचो. मी काही म्हटलेलं नसायचं. पहिल्या वेळी मी उठून बसलो आणि डोळे वटारले, तर तिनं फोन ठेवून मला सुनावलं, "तुला द्यायचा नसेल तर नको देऊ. पोरगी मात्र उपाशी राहणार नाही." त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी ती माझ्या नावानं आशीर्वाद देत राहिली आणि मी ते कानांनी ऐकत राहिलो. तू जे घेतलंस ते सगळं तिचं होतं. तुला हे ठाऊक असेलही. माझा आवाज एकदाही आला नाही हे तुझ्या लक्षात आलंच असणार, तू काही खुळी नाहीस.

आता पिंपाबद्दल बोलतो, कारण आपल्या घरातली सगळी भांडणं शेवटी पिंपावरच यायची. सकाळी रेडिओ लावला की आधी तेलाच्या पिंपाचा भाव, मग हवामान. आई चुलीपाशी उभी राहून विचारायची, "आज पिंप कितीला?" मी शंभराच्या वरचा आकडा सांगितला की म्हणायची, "मग आज कोंबडी." थट्टाच होती, पण अगदीच थट्टा नव्हती. मी तीस वर्षं सरोवरातल्या विहिरींवर पंप दुरुस्त केले, आणि आमच्या पायाखालून निघणारं तेल कुणाच्या बंगल्यांत जातं ते पाहिलं. माझी आई बाळंतपणात गेली, कारण वस्तीत डॉक्टर यायला तयार नव्हता. या सरकारनं कोपऱ्यावर दवाखाना उघडला. तू औषधशास्त्र शिकलीस, आपल्या घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली पोर, आणि त्यासाठी माझ्याकडून कुणी एक पैसा मागितला नाही. आपल्याच जमिनीतलं तेल पहिल्यांदा आपल्या ताटात आलं. हे मी आजही म्हणतो. तू डोळे फिरवलेस ते मला इथून दिसलं.

चूक अशी झाली, की ताट भरलेलं असताना चुलीकडे कुणी बघितलं नाही. गव्हापासून गोळीपर्यंत सगळं बाहेरून यायचं आणि पिंपाच्या डॉलरवर यायचं. मग पिंप शंभरावरून घसरलं ते नाताळापर्यंत पन्नासावर आलं, जानेवारीत चाळिसावर. डॉलर आटले, माल येईना. सरकारनं मात्र भाव जागचे हलू दिले नाहीत. पाण्याच्या बाटलीला जेवढे पैसे पडत त्यात कितीतरी टाक्या पेट्रोल यायचं, आणि गोळ्यांच्या खोक्यावर जी किंमत छापलेली असे तिच्यात कोपऱ्यावरची कॉफीसुद्धा येत नसे. तुझा धर्मपिता एबेर्तो, ज्याच्या औषधांच्या दुकानात तू कामाला होतीस, डॉमिनो खेळताना मला म्हणायचा, "कोंपाद्रे, मी आज या भावानं विकतो. उद्या याच भावानं मला कोण देणार, तुझं पिंप?" तुझ्या बाप्तिस्म्यात त्यानं तुला हातांवर घेतलं तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे, सख्ख्या भावांपेक्षा जवळचे. त्या दिवशी मी सोंगटी टेबलावर अशी आपटली की तिचा कोपरा उडाला. मी म्हणालो, "दुकानदार सगळे एका माळेचे मणी. माल दडवायचा आणि सरकारच्या नावानं बोंब मारायची." रेडिओ रोज हेच सांगत होता. आणि दडवणारेही होतेच, ते काही खोटं नव्हतं. म्हणून तर माणूस फसतो.

गुडघा कामातून गेल्यावर मी घरी बसलो होतो. त्या फेब्रुवारीत दुकानांतले भाव तपासणाऱ्या वस्तीच्या समितीनं मला तांबडं जाकीट दिलं आणि मला वाटलं, आपण पुन्हा कामाचे झालो. आई जाकिटाची गुंडी लावताना म्हणाली, "रंग शोभतो. नशीब म्हणायचं, डोकं त्याच रंगाचं नाहीये." मग मार्चमधला तो मंगळवार आला. तू घाऊकवाल्याच्या दारात पहाटेपासून उभी राहायला माराकाइबोला गेली होतीस. एबेर्तोच्या दुकानाबाहेर कोपऱ्यापर्यंत रांग होती. मी, एक अधिकारी आणि दोन शिपाई आत गेलो. मागच्या खोलीत, बाळांच्या लंगोटांच्या जुन्या खोक्यात, रबर लावून बांधलेली पाकिटं निघाली. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या, फिट्सच्या. प्रत्येक पाकिटावर एक चिठ्ठी. एबेर्तो म्हणाला, "ही नेहमीच्या आजाऱ्यांसाठी ठेवलीत. रांगेत सोडली तर उद्या सीमेपलीकडे विकली जातील. यातली अर्धी माणसं उन्हात उभीसुद्धा राहू शकत नाहीत." अधिकाऱ्याला घाई होती. तो माझ्याकडे वळला, "वस्ती तुमची, माणूस तुमच्या ओळखीचा. ही साठेबाजी आहे की नाही, तुम्हीच सांगा." एबेर्तोनं माझ्याकडे पाहिलं. विनवलं नाही, नुसतं पाहिलं. मी म्हणालो, "आहे."

पाऊण तासात खोकं रिकामं झालं. सगळं छापील भावानं, हातोहात. चिठ्ठ्या खाली पडून पायांखाली गेल्या. रांगेत पुढं असलेल्या बायका आपल्या वस्तीतल्या नव्हत्या, त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीनं माझा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला. त्या हाताचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. दुकानाला तीन आठवड्यांचं टाळं लागलं, आणि मग टाळं निघालं तरी फळ्यांवर मांडायला काही नव्हतं. घाऊकवाला एबेर्तोला नव्या भावानं माल देणार आणि एबेर्तोनं तो जुन्या भावानं विकायचा, नाहीतर मी पुन्हा जाकीट घालून दारात हजर. तो काय खाणार होता, नि तुला पगार कुठून देणार होता? हे साधं गणित मला जमलं नाही, आणि मी पंपाचे दाब मनातल्या मनात काढणारा माणूस.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस. आत शिरताना आशीर्वाद मागितलास, मी दिला. तो शेवटचा. मग तू जी सुटलीस! "बाबा, ती पाकिटं मी बांधली होती. त्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या. सगळ्यात वर आईचं नाव होतं, तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या तिच्या. तुम्ही वाचल्यात की नाही?" मी उत्तर द्यायच्या आत आई चुलीपासून म्हणाली, "अगं, त्यांचा चष्मा घरीच राहिला होता आज. वाचणार कुठून?" तू पिशवी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "निदान विचारायचं तरी." आणि मी काय केलं, तर साठेबाजीवर भाषण ठोकलं. तू ताटावरून उठून गेलीस. मला आठवतं, तळलेली केळी होती, चीज घातलेली, तुझी आवडती. ती तशीच राहिली.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आपण एका घरात राहून हवामानाबद्दल बोलत होतो, आणि आपल्याकडे हवामानात बोलण्यासारखं काही नसतं, नुसता उकाडा. पिंप पंचविसाच्याही खाली गेलं तेव्हा आईनं भाव विचारणं बंद केलं. तू माराकाइबोहून, मैत्रिणींकडून, कुठून कुठून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळवायचीस. ती आधी अर्धी अर्धी करून घ्यायला लागली, मग एक दिवसाआड, आणि मधल्या दिवशी लसूण चावून गवती चहा. मी विचारलं की म्हणायची, "मला आता बरं वाटतंय, गोळी कशाला वाया घालवू?" तू गेल्यावर लिमाहून पाठवायचीस. औषधं शिकलेली माझी पोर तिकडे पावाच्या दुकानात उभी राहून आईच्या गोळ्यांचे पैसे जमवते, हे आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची. मी तिथून उठून अंगणात जायचो. पार्सल कधी महिन्यानं यायचं, कधी तीन महिन्यांनी. आता मारित्सा सांगते, की आलेल्यातलं अर्धं आई गपचूप तिला द्यायची, कारण मारित्साचंही नाव त्या खोक्यात होतं. हे मला माहीत नव्हतं. या घरातल्या बऱ्याच गोष्टी मला उशिरा कळतात.

आई कशी गेली ते फोनवर तुला नीट कुणी सांगितलं नसेल. गुरुवारी सकाळी मी गॅसच्या टाकीसाठी रांगेत होतो. ती अंगणात आंब्याखाली कपडे वाळत घालत होती, तिथंच कोसळली. मारित्साच्या नवऱ्यानं गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची, चांगली पोर. तिनं माझ्या हातात कागद दिला: सलाइन, सुई, हातमोजे, दोन इंजेक्शनं. म्हणाली, "आजोबा, हे आणा, बाकीचं मी करते." तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी पाच दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी सरकारी भावाची पाटी होती, औषध नव्हतं. एका पाटीवर तर माझीच सही होती. पाय सवयीनं एबेर्तोच्या दुकानाकडे वळले, आणि बंद दारासमोर उभा राहिल्यावर मला आठवलं. सलाइनची एक बाटली घेऊन मी दोन तासांनी परत पोचलो. आईचा चेहरा शांत होता. डॉक्टरीणबाईनं ती बाटली माझ्याकडून घेतली आणि विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावू का. मी हो म्हटलं.

प्रार्थनेच्या सहाव्या दिवशी तुझं पार्सल आलं. सीमेवरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं दारात आणून दिलं, सहा खोकी, वर तुझं गोल गोल अक्षर. मी ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. मग उचललं आणि एबेर्तोकडे गेलो. तीन वर्षांत मी त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. तो नऊही दिवस आपल्या अंगणात येऊन मागच्या खुर्चीवर बसत होता, पण आम्ही बोललो नव्हतो. मी खोकी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "कुणाकुणाला लागतात ते तुलाच ठाऊक." त्यानं रबरं काढली, कागद फाडून चिठ्ठ्या केल्या आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. तो नावं सांगत गेला, मी लिहीत गेलो. मारित्सा. बेकरीवाल्याची आई. आपल्या चर्चमधला पेटी वाजवणारा. अकरा नावं झाली. दोन जण आता हयात नाहीत, तेही त्यानं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "जाकीटवाले आले तर काय सांगशील?" मी म्हणालो, "साठेबाजी आहे म्हणेन." आम्ही दोघे हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. तेव्हा तो माझ्या गळ्यातल्या दोरीला बोट लावून म्हणाला, "चष्मा त्या दिवशीही असाच गळ्यात होता ना, कोंपाद्रे? मी तुझ्यासमोर उभा होतो. पोरीला मी कधी सांगितलं नाही. म्हटलं, दुकान गेलं ते गेलं, तिला बाप तरी राहू दे."

एबेर्तो सोमवारी निघतोय, लिमाला, त्याच्या मुलाकडे. पासष्टाव्या वर्षी. हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. मी पाकीट चिकटवलेलं नाही, त्यानं वाटेत वाचलं तरी चालेल, त्याला सगळं ठाऊक आहे. पिंप आता पुन्हा साठावर गेलंय म्हणे. पण सरोवरातले निम्मे पंप बंद आहेत आणि ते दुरुस्त करणारी माणसं तुझ्यासारखीच बसमध्ये बसून गेली. मी जाकीट परत करून आलो. समितीवाल्यानं विचारलं, "का हो?" मी म्हटलं, गुडघा.

आता ते सांगतो ज्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या मंगळवारी सकाळी चष्मा आईनंच माझ्या गळ्यात अडकवला होता. म्हणजे तुझ्याशी ती खोटं बोलली, माझ्यासाठी, आणि खोटं बोलते आहे हे माहीत असून बोलली. त्यानंतर तीन वर्षं ती माझा चष्मा रोज झग्याच्या टोकानं पुसून द्यायची आणि एक शब्द काढायची नाही. मी चिठ्ठी वाचली होती, एंद्रिना. "ओमाइरा, रोज एक, तीन महिने." सगळ्यात वर तीच होती. मला वाटलं, लोकांची पाकिटं वाटून घरचं पाकीट राखलं तर मी कसला प्रामाणिक? म्हणून आईचंच पाकीट मी सगळ्यात आधी काढलं, चिठ्ठी सोडवून खिशात घातली आणि गोळ्या रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातात ठेवल्या. आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. एवढा अभिमान मला उभ्या जन्मात कशाचा वाटला नव्हता. तू देश सोडतेस म्हणून मी बस अड्ड्यावर रागावलो होतो, असं मीही स्वतःला सांगत आलो. खरं तर तू समोर उभी राहिलीस की मला ती चिठ्ठी दिसायची. आणि त्या रविवारी फोनवर तू आशीर्वाद मागितलास तेव्हा मी गप्प राहिलो, तो राग नव्हता गं. जिच्या आईच्या गोळ्या मी वाटून टाकल्या तिला ते माहीत नसताना आशीर्वाद देणं मला चोरीसारखं वाटलं. आता तुला माहीत आहे. चिठ्ठी या पत्रात घडी करून ठेवली आहे, अक्षर तुझंच आहे. हे वाचून तुला माझा आशीर्वाद नको झाला तर तो एबेर्तोकडे तसाच ठेव, मी तुला दोष देणार नाही. पण या वेळी तो आईनं माझ्या नावानं दिलेला नाही, मी माझ्या हातानं लिहिला आहे, चष्मा लावून. देव तुझं भलं करो, माझ्या पोरी. देव तुझं भलं करो. बस अड्ड्यावरचाही घे.

तुझाच, उशिरा बोललेला,
बाबा